तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातलाच किट का?

किटमधले प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मी रणगाड्यांची छोटी मॉडेलं करतो. रणगाडाच का, हे आता कोणी विचारत नाही. विचारतात ते हे: एवढे महिने घालवतोस, मग जरा बरा किट का घेत नाहीस? मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आलो. स्वस्तातला बिघडला तरी जीव जळत नाही.

हे खोटं आहे. जीव जळतो, आणि चांगला जळतो.

हे मला ज्याने शिकवलं तो टी-70 नावाचा सोव्हिएत रणगाडा होता, 1/35 मापाचा. पुरा झाला की लांबी साधारण 12 सेंटीमीटर, तळहातावर मावेल एवढा. साचा जुना झालेला, त्यामुळे प्रत्येक भागाच्या कडेला प्लॅस्टिकची पातळ झालर. चाकं स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून, कापली की आधी ती झालर खरवडायची, मग सँडपेपर. सूचनांच्या कागदावरच्या आकृत्या तर पावसात भिजल्यासारख्या. अशा किटवर माझा मुळातच विश्वास नव्हता. सगळं बिनसलं ते तिथेच.

हलचा, म्हणजे रणगाड्याच्या मुख्य धडाचा, वरचा भाग हातात घेतला तर टरेटचं, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाचं, भोक मधोमध नव्हतं, डावीकडे सरकलेलं होतं. मला हसूच आलं. एवढंही धड जमू नये? खोक्यावरचं चित्र बाजूने काढलेलं, त्यात काही कळायला मार्ग नव्हता. पुस्तक उघडून बघावं, कोणाला विचारावं, हे मनात आलंच नाही. मी दुरुस्तीला बसलो. भोकात प्लॅस्टिकची चकती बसवली, फटी पुट्टीने भरल्या, दोन दिवस वाळू दिलं, घासलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासलं. मग बरोबर मध्यावर नवं भोक पाडलं. उजवीकडच्या झाकणाच्या उठावदार कडा आड येत होत्या, त्याही सपाट केल्या. तीन रविवार गेले. प्रायमर मारल्यावर जोड कुठे आहे ते मलाच दिसेना, आणि त्याचा मला केवढा अभिमान!

पुढे रंगासाठी जुने फोटो शोधायला बसलो. एका फोटोत रणगाडा समोरून होता. टरेट डावीकडे.

आधी वाटलं फोटो तिरका काढलाय. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग वाचलं, जे आधीच वाचायला हवं होतं. टी-70 हा 1942 सालचा, रशियातल्या गोर्की शहराच्या मोटार कारखान्यातला. सहा सिलिंडरची, प्रत्येकी 70 अश्वशक्तीची दोन इंजिनं एकामागे एक जोडून हलच्या उजव्या बाजूला बसवलेली. उजवीकडे जागाच उरली नाही, म्हणून टरेट डावीकडे. आत माणसं दोनच. चालक पुढे आणि कमांडर टरेटमध्ये एकटा. 45 मिलिमीटरची तोफ भरायची त्यानेच, नेम त्यानेच धरायचा, हुकूमही त्यानेच द्यायचे. असे 8,000 हून अधिक बनले. हाताशी जे होतं त्यात भागवून केलेलं यंत्र, आणि त्या स्वस्त किटने ते बरोबर दाखवलं होतं. मी ते बिघडवलं.

महागड्या किटमध्ये हेच भोक बाजूला दिसलं असतं, तर मी मुकाट्याने म्हटलं असतं, असंच असणार. किटची लायकी मी खोक्यावरून ठरवली होती. तरी थोडी माझी बाजूही घ्या. त्याच किटमध्ये दोन चाकं खरोखर लंबगोल होती, तोफेची नळी वाकडी होती. संशय काही हवेतून आला नव्हता. पण नळी वाकडी म्हणून छपरावर करवत? आता बोलणं सोपं आहे. तेव्हाचा मी कोणाचं ऐकलं नसतं, माझं तर मुळीच नाही.

मग स्वस्तातलाच का? झालर खरवडायला मला आवडतं, हे खरं. चांगल्या किटची मला भीती वाटते, हेही खरं. तिथे चूक झाली तर ढकलायला कोणी नाही. कधीकधी वाटतं, दुसरं कारणच खरं आणि पहिलं नुसती सबब. मग कटर हातात घेतो आणि पुन्हा पहिलंच पटतं.

मधोमध टरेटवाला तो रणगाडा मी टाकला नाही. रंगवलाही नाही. परवा तोच किट पुन्हा आणला. खोकं उघडून आधी छप्पर काढलं आणि पट्टी लावून मोजलं. भोक डावीकडेच होतं. तरी परत एकदा मोजलं.