कमोड बसवणं, भाग दोन: सील निवडलं आणि बसवलं

नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या बाथरूमचं काम आता कमोडपर्यंत आलंय. आईला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून देशी भांडं काढून एस ट्रॅपचा, म्हणजे खाली फरशीतल्या पाइपात सोडणारा, वन पीस कमोड घेतला. जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स चढवल्यात, त्यामुळे 110 मिमी पाइपावरची फ्लँज, म्हणजे कमोड ज्यावर जोडतात ती पाइपाच्या तोंडाची चकती, फरशीच्या पातळीखाली गेली. म्हणून या खेपेला बहुतेक वेळ सीलपाशीच, म्हणजे फ्लँज आणि कमोड यांमधला सांधा बंद करणाऱ्या रिंगपाशीच गेला, आणि तो जायलाच हवा होता.

आपल्याकडे मिस्त्री सर्रास व्हाइट सिमेंट भरून मोकळे होतात. मला ते मुळीच पटत नाही. सिमेंट कडक होतं, माणूस उठला-बसला की कमोड केसभर हलतो आणि सांध्याला बारीक चीर जाते. वरून काही दिसत नाही, पण ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या वळणात, पाणी असूनही वास येत राहतो. ट्रॅपचं पाणी भांड्यातून येणारा वायू अडवतं, बुडाच्या सांध्यातून येणारा नाही. शिवाय असा कमोड पुढे उचलायचा झाला तर बहुतेक वेळा फुटूनच निघतो.

तर आधी मापं. टाइल लावलेल्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंत 300 मिमी, कमोडही त्याच मापाचा. पण खरं माप उभं असतं: फ्लँज आणि कमोडचं बूड यांमधलं अंतर. त्यासाठी घट्ट कणकेचे चार गोळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्लँजच्या कडेवर ठेवले, सील न लावता कमोड जागेवर उतरवला आणि सरळ वर उचलला. दबलेले गोळे मोजले तर एका बाजूला 32 मिमी, नहाणीच्या बाजूला 28. फरशीचा उतार त्यात लगेच दिसला. त्या बाजूला प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवून लेव्हल आणली आणि मगच सील आणायला निघालो.

रविवार कारंज्याजवळच्या दुकानात नेहमीची वॅक्स रिंग मिळते, साधारण इंचभर जाड. फ्लँज फरशीच्या बरोबरीला असेल तर ती उत्तम, आणि स्वस्तही. माझ्या 32 मिमीला ती पुरणारच नव्हती. दोन रिंगा एकावर एक ठेवतात, पण बसवताना वरची सरकण्याची भीती मला वाटते. दुसरं म्हणजे मेण एकदा दाबलं की परत फुगत नाही. कमोड जरा उचलला तरी रिंग नवीन लागते. म्हणून फोम-रबराचं जाड सील घेतलं. ते दाबलं जातं आणि पुन्हा उसळतं. ज्यांना वॅक्सच वापरायची आहे त्यांनी नाशिकच्या थंडीत रिंग आधी उन्हात थोडी मऊ होऊ द्यावी. गार मेण नीट पसरत नाही.

फ्लँज आणि कमोडचं तोंड कोरडं पुसून घेतलं. धाकट्या भावाने एक बाजू धरली, मी दुसरी. बोल्टवर नेम धरून कमोड सरळ खाली, जराही न फिरवता. सील दबताना हाताला एक मऊ विरोध जाणवतो, तो चारही बाजूंनी सारखा हवा. मग नट एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा, पाव-पाव आटा. कमोड डुलायचा थांबला की पाना ठेवून द्यायचा. त्यापुढे आवळलं तर चिनी माती तडकते.

बुडाभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावल्या, भांड्यात नीळ घालून बादल्या ओतल्या. कागद कोरडे राहिले, निळा ठिपकाही नाही.

सिलिकॉन मात्र लगेच लावणार नाही. काही दिवस वापर होऊ दे, मग पुढून आणि बाजूंनी लावीन आणि मागे दोन बोटं जागा मोकळी ठेवीन, म्हणजे कधी गळलंच तर पाणी आत कोंडून न राहता बाहेर दिसेल. तोवर अँगल कॉक आणि जेटचं काम हातात घेतो.