सुईवाली बाई

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ‘आवडत्या शिक्षकांवर लिहा’ असा समितीचा निरोप आला. गणिताच्या सरांवर लिहिणारे पुष्कळ निघतील, त्यांच्या डस्टरचे नेमही सगळ्यांना पाठ आहेत. मला लिहायचंय ते आपल्या शाळेच्या पगारपत्रकावर कधीच नसलेल्या एका बाईंवर. त्या महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. शाळेत आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. ठाण्यात आमच्या वस्तीत, इंदिरानगरच्या डोंगरावर, मात्र त्या ‘सुईवाली बाई’. नाव छापू नको, असं त्यांनी बजावलंय.

पाचवीत असताना त्या धनुर्वाताची लस टोचायला आल्या. तेव्हा काचेच्या सिरिंज असत, उकळून घेतलेल्या. आम्ही तिघं पाण्याच्या टाकीमागे पसार झालो. शाळा सुटली आणि वाटलं, सुटलो. संध्याकाळी सातला सिस्टर आमच्या दारात! वागळे इस्टेटचे रस्ते तुडवत, अख्खा डोंगर चढून आलेल्या. हातात आमच्या वर्गाची यादी, तीन नावांपुढे खूण नाही. मी काहीतरी चोरलं असणार असं समजून आईने आधी मला एक ठेवून दिली, मग चहा टाकला. चहा संपवून सिस्टर म्हणाल्या, “बाही वर कर.” आणि मग, “आता त्या दोघांची घरं दाखव.” दंड चोळत मी दाखवली. त्यातल्या एकाचा राग अजून गेलेला नाही. हे वाचून जाईल असंही नाही.

पावसाळ्यात डोंगरावर जुलाब-उलट्यांची साथ ठरलेली. विज्ञानाच्या बाई आपला तास सिस्टरना देत. लिटरभर उकळलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. “चाखून बघायचं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर फेकून द्यायचं.” बाकी तो तास कशाला होता, कुणाला आठवत नाही. हे मात्र माझ्या बायकोलाही पाठ आहे, आणि ती या शाळेतली नाही.

९ डिसेंबर १९९५, शनिवार. देशभर पहिला पल्स पोलिओ. आपल्या व्हरांड्यात बूथ होता आणि आम्ही नववीतले स्वयंसेवक. तीन वर्षांखालच्या पोरांना दोन थेंब. आमच्या वर्गातल्या एकाच्या पायात पोलिओमुळे कॅलिपर, म्हणजे आधाराची लोखंडी पट्टी, होतं. त्याला घरीच थांब म्हटलं होतं, पण तो सकाळी सातलाच येऊन टेबलाशी बसला आणि संध्याकाळपर्यंत नोंदी लिहीत राहिला. लस द्यायला तयार नसलेल्या बायका त्याच्यासमोर आल्या की गप्प होत. सिस्टरनी त्याला एकदाही पुढे करून दाखवलं नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मी त्याला फोन केला. आम्ही क्रिकेटवर बोललो.

आता खरं सांगायचं ते. माझे वडील १९७२च्या दुष्काळानंतर बीडहून इथे आले आणि लेथवर लागले. कंपनी बंद पडली, देणी बुडाली आणि त्यातच खोकला सुरू झाला. टीबी. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्या गोळ्यांनी लघवी लाल होते हे सांगितलं नाही. बाबांना वाटलं रक्त जातंय. दोन महिन्यांनी बरं वाटल्यावर त्यांनी गोळ्या गुपचूप पत्र्यावर फेकल्या. आजार उलटला. मी दहावी होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा.

तोवर डॉट्स आलं होतं, म्हणजे टीबीच्या गोळ्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गिळायची पद्धत. सिस्टरनी बाबांसमोर एक निळं खोकं ठेवलं. आठ महिन्यांच्या सगळ्या गोळ्या त्यात, वर बाबांचं नाव. “हे तुमचंच. दुसऱ्या कुणाला यातली एक गोळी मिळणार नाही.” बाबा त्या नावाकडे बराच वेळ बघत बसले. पहिले दोन महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार असं इंजेक्शन, एकूण २४. पुढे बाबांना रखवालदाराची रात्रपाळी मिळाली आणि दवाखान्याची वेळ जमेना. सिस्टरनी मुख्याध्यापकांना गाठलं. खोकं आपल्या शाळेच्या कपाटात गेलं, खडूच्या डब्यांशेजारी. कामावरून परतताना बाबा शिपाईमामांसमोर गोळ्या गिळत आणि मामा कार्डावर खूण करत.

एकदा बाबा गेलेच नाहीत. खायला धड नाही आणि गोळ्यांनी मळमळतं, म्हणून वैतागून डोक्यावरून चादर ओढून पडले. दुपारी सिस्टर खोक्यातल्या गोळ्या आणि चार केळी घेऊन हजर. “तुम्ही बापलेक सारखेच. एक टाकीमागे लपतो, दुसरा चादरीत.” बाबा हसले. घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. ते बरे झाले आणि पुढे चांगली पंधरा वर्षं जगले.

सिस्टर निवृत्त झाल्यात, पण वस्तीत कुणाची बाळंतीण अडली की हाक त्यांनाच. महोत्सवाचं आमंत्रण द्यायला मी गेल्या महिन्यात लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. स्टेजवर बसणार नाही म्हणाल्या, गुडघे दुखतात. फोटोही दिला नाही. मग चष्मा वर करून लेकीकडे पाहिलं.

“कितवीत गं?”

“पाचवीत.”

“धनुर्वाताचं झालं का हिचं?”

झालं नव्हतं.