आधी नळी कोरडी करा, मग दाबायचं बघू

आषाढात रत्नागिरीला मिठाची बरणी पाझरायला लागते. हवेतलं हेच पाणी क्वार्ट्झच्या नळीला आतून चिकटून बसतं आणि चुंबकीय प्लाझ्मा (अतितप्त, आयनित वायू) दाबून फ्यूजन साधायच्या प्रयोगात सगळ्यात जास्त घात करतं. (जैतापूर डोक्यातून काढा. तिथे प्रस्तावित आहे ते विखंडन, अणुकेंद्र फोडणं; हे संमीलन, म्हणजे फ्यूजन, अणुकेंद्रं जोडणं.) नुसत्या पंपाने ते सुटत नाही. नळीला हीटिंग टेप गुंडाळून, पंप चालू ठेवून, 150 अंशांवर रात्रभर शेकायची. ओ-रिंग (सांधे हवाबंद ठेवणाऱ्या कड्या) व्हायटॉन रबराच्या असतील तर त्याहून वर जाऊ नका. दाब टॉरच्या (निर्वात मोजायचं एकक) एक कोट्यंशाला टेकेपर्यंत धीर धरायचा.

एवढा सोस का? पाण्यातला ऑक्सिजन प्लाझ्मात मिसळला की उष्णता प्रकाश होऊन निघून जाते. दाबताना घनता 100 पट झाली, तर दर घनसेंटिमीटरमागे ही गळती घनतेच्या वर्गाने, म्हणजे 10,000 पट होते.

अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने चालवलेल्या एफआरएक्स-एल यंत्रातला क्रम बघा. नळीत सुमारे 40 मिलिटॉर ड्युटेरियम (जड हायड्रोजन). कॉइलने आधी एका दिशेला हलकं चुंबकक्षेत्र द्यायचं, मग वायू आयनित करायचा, म्हणजे क्षेत्र आत अडकतं. लगेच मुख्य कपॅसिटर बँक (वीज साठवून एका झटक्यात सोडणारा संच) उलट दिशेने सोडायची: दोनेक टेस्ला, दोन-तीन मायक्रोसेकंदांत. टोकांना चुंबकरेषा जुळतात आणि तोंडल्याच्या आकाराचा प्लाझ्माचा बंद गोळा उरतो. आयनन अर्धवट राहिलं तर क्षेत्र निसटतं, तोंडलं होतच नाही. प्रवाह शिखरावर असताना क्रोबार स्विच (कॉइलमधला प्रवाह तिथेच फिरत ठेवणारा) बसायला हवा. चुकला तर प्रवाह हेलकावे खातो, गोळा भिंतीला घासतो.

नीट झालेला गोळाही 10-15 मायक्रोसेकंदच टिकतो. मग गरगरतो, चेपतो, फाटतो. अमेरिकेतल्याच अल्बुकर्कीच्या शिवा स्टार कपॅसिटर बँकेवरचा (हो, नाव महादेवाचंच) ॲल्युमिनियमचा लायनर, म्हणजे आत कोसळून गोळा दाबणारं नळकांडं, 30 सेंटिमीटर लांब, 10 सेंटिमीटर व्यासाचा, 1 मिलिमीटर जाड होता. त्याला आत कोसळायला 20 हून जास्त मायक्रोसेकंद लागायचे. म्हणून आधी लायनर सोडायचा, तो वाटेत असताना प्लाझ्मा.

तापमानाचा हिशेब रोखठोक आहे. 200 इलेक्ट्रॉनव्होल्टचा (इथे तापमानाचं एकक) प्लाझ्मा, लांबी तीच ठेवून, त्रिज्येने दहावा हिस्सा झाला आणि काहीच गळलं नाही, तर 4,000 च्या वर जातो. सुरुवात 100 ने केली तर तेवढ्याच दाबण्यातून 2,000.

किनाऱ्यावर आणखी एक. बँकेच्या इन्सुलेटरवर खारा थर बसतो आणि दमट दिवशी त्यावरून ठिणगी सरपटते. ते इन्सुलेटर आधी डिस्टिल्ड पाण्याने पुसायचे, मग अल्कोहोलने. मीठ नुसत्या अल्कोहोलात जवळजवळ विरघळतच नाही, ते राहिलं की बँक भलत्याच वेळी सुटते.