व्हेंतेस रागास: चॅफिंचच्या वाटेवर

सप्टेंबरच्या अखेरीस लिथुआनियाला जाणार असाल, तर राजधानीतला एखादा दिवस कमी करा, पण व्हेंतेस रागास चुकवू नका. नेमुनास नदीच्या मुखाजवळ कुरोनियन लगूनमध्ये, म्हणजे बाल्टिक समुद्रालगतच्या उथळ पाण्यात, घुसलेलं हे भूशिर. फिनलंड, वायव्य रशिया या भागांतून नैर्ऋत्येला निघालेले छोटे पक्षी मोठं पाणी टाळत काठाकाठाने येतात आणि या टोकावर त्यांची दाटी होते. प्राणिशास्त्रज्ञ तादास इव्हानाउस्कस यांनी १९२९ मध्ये इथे पक्षिकेंद्र सुरू केलं.

चॅफिंच म्हणजे तिथला अगदी सामान्य पक्षी. चिमणीएवढा, पंखावर पांढरे पट्टे. जाळ्यांच्या भल्यामोठ्या, मागे निमुळत्या होत जाणाऱ्या सापळ्यातून तो अलगद हातात येतो. रिंगिंग, म्हणजे पक्ष्यांच्या पायात नंबरचं कडं घालण्याचं काम करणाऱ्या बाईंनी एका मादीची मान दोन बोटांत धरली, पक्कडीने पायात ॲल्युमिनियमचं कडं बसवलं, पंख मोजला. मग पोटावर फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि पातळ कातडीखाली पिवळी चरबी दिसली. पुढच्या प्रवासाची शिदोरी तीच!

कड्यावर नंबर असतो. तोच पक्षी फ्रान्स, बेल्जियम किंवा इटलीत पुन्हा सापडला, की वाट कळते. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्या, तेव्हा स्पष्ट झालं की माद्या नरांपेक्षा सहसा दूर जातात. ब्रिटनमधले चॅफिंच मात्र जन्मले त्याच परिसरात राहतात, आणि स्कँडिनेव्हियातून तिथे हिवाळ्याला येणारे बरेचसे उत्तर समुद्र थेट न ओलांडता डेन्मार्क-हॉलंडवरून वळसा घालतात. दिसायला सगळे सारखेच. पायातल्या नंबराशिवाय हे कळलंच नसतं, म्हणून मला हे चिकाटीचं काम फार मोलाचं वाटतं.

लिथुआनियात रोझफिंच हा आणखी एक छोटा पक्षीही घरटी करतो. तो उन्हाळ्यातच निघतो आणि उलट दिशेला, आशियाकडे येतो. आपल्या सह्याद्रीत हिवाळ्यात दिसतो तो याच जातीचा.

आता जाणाऱ्यांसाठी. क्लाइपेदा या बंदराच्या शहरातून शिलुते गावापर्यंत बस मिळते, पुढे मात्र गाडी असलेली बरी. चॅफिंच दिवसा उडतात, मुख्यतः सकाळी, त्यामुळे उजाडायच्या आत टोकावर पोहोचा. समोरून हलका वारा असला तर उत्तम, कारण तेव्हा थवे खालून जातात. वारा पाठीमागून असेल तर ते इतके उंच असतात की फक्त आवाज ऐकू येतो. जाड जाकीट आणि कानटोपी न्याच, पाण्यावरचा वारा झोंबतो. सापळ्याजवळ विचारल्याशिवाय जाऊ नका, फ्लॅश तर अजिबात नको. शाकाहारींनी कुगेलिस हा बटाट्याचा पदार्थ मागवण्याआधी चौकशी करावी, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं.

आणि आपल्याकडे कुठे कडं घातलेला पक्षी दिसला, तर पकडायला धावू नका. नंबर वाचता येईल असा फोटो, तारीख आणि ठिकाण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.