मे महिन्यात सरकलेला काटा

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या खंजिरी भजन मंडळाचे ध्वनिमुद्रण माझ्या खोलीत ठेवले होते. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, अजून कोणी एक ओळही गायलेली नव्हती, आणि तरीही मी घरी बांधलेल्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे आवाजाची उसळी आपोआप दाबणाऱ्या यंत्राच्या, मीटरचा काटा शून्य सोडून उणे ३ डेसिबलच्या जवळ येऊन थांबला होता. मंडळातले पेटीवाले काका बराच वेळ त्या काट्याकडे पाहत होते आणि शेवटी म्हणाले, "भाऊ, गाणं सुरू नाई झालं अन् तुमचं मशीन आवाज दाबूनच राह्यलं!" त्यांचे निदान अगदी बरोबर होते, पण त्यामागचे कारण शोधण्यात माझे पुढचे दोन आठवडे गेले.

मोर्शी तालुक्यातल्या माझ्या गावाहून गुरुकुंज मोझरी फार लांब नाही, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनाची परंपरा इकडे घरोघरी आहे. या भजनाचे ध्वनिमुद्रण करताना एक विशेष अडचण येते. मुख्य गायक खंजिरी तोंडाजवळ धरून स्वतःच वाजवतो, त्यामुळे त्याचा आवाज आणि खंजिरीची थाप एकाच माइकमध्ये शिरतात, आणि थापेचे टोक गळ्याच्या पातळीच्या कितीतरी वर उसळते. थापेपुरती पातळी बेताची ठेवली तर शब्द ऐकू येत नाहीत, आणि शब्दांपुरती वाढवली तर थाप फाटते. म्हणून मला अतिशय चपळ कॉम्प्रेसर हवा होता. बिल पुटनम यांनी १९६० च्या दशकात रचलेला ११७६ हा त्या जातीचा नमुना आहे. त्याचा अटॅक, म्हणजे उसळी आल्यावर ती दाबायला लागणारा वेळ, २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली जातो आणि आवाज दाबण्याचे काम त्यात एक एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) करतो. हा एफईटी तिथे विजेने बदलता येणाऱ्या रोधासारखा वागतो: त्याच्या गेट या टोकावरचा ऋण विद्युतदाब कमी झाला की त्याचा रोध उतरतो, आणि सिग्नलचा काही भाग जमिनीकडे वळतो. या यंत्राचे अटॅक आणि रिलीजचे (दाबणे सोडायला लागणाऱ्या वेळेचे) नॉब उजवीकडे फिरवले की वेळ वाढण्याऐवजी कमी होते, आणि या उलट्या रीतीने मला सुरुवातीला बरेच फसवले.

सगळे कॅलिब्रेशन एका प्रीसेटवर (पेचकसाने फिरवून लावायच्या रोधावर) उभे असते, आणि त्याने ठरतो गेटचा बायस, म्हणजे गेटवरचा कायमचा ऋण दाब. आधी अटॅकचा नॉब बंद स्थितीत नेऊन कॉम्प्रेशन थांबवायचे, बायस एका टोकाला नेऊन एफईटी पूर्ण मिटवायचा, म्हणजे त्यातून काहीच वाहू द्यायचे नाही, आणि साउंड कार्डातून सूर देऊन आउटपुट १.२२८ व्होल्टवर, म्हणजे अधिक ४ डीबीयू या ध्वनियंत्रांच्या प्रमाण पातळीवर आणायचे. मग प्रीसेट सावकाश फिरवत आउटपुट १ डेसिबलने, म्हणजे १.०९४ व्होल्टपर्यंत उतरले की थांबायचे. तिथे एफईटी नुकताच उघडू लागलेला असतो. पुस्तकी पद्धतीत १००० हर्ट्झचा सूर सांगतात, परंतु माझे स्वस्त मल्टिमीटर तेवढ्या वारंवारतेला कमी आकडा दाखवते. १०० आणि १००० हर्ट्झचे सूर एकाच पातळीने देऊन मी ते पडताळले आणि त्यानंतर ४०० हर्ट्झ वापरले. मीटरच्या दुसऱ्या प्रीसेटसाठी कॉम्प्रेशन बंद असतानाचे आउटपुट चालू असतानाच्या ३.१६ पट भरले, की काट्याने १० डेसिबल दाखवले पाहिजे.

मीटर खरे बोलण्यासाठी दोन एफईटी जुळ्यासारखे लागतात, कारण एक आवाज दाबतो आणि दुसरा केवळ काट्याला माहिती पुरवतो. नागपुरात सीताबर्डीवर २एन५४५७ या नावाने मिळालेल्या २० नगांपैकी काही तर एफईटीच नव्हते. एफईटीच्या तीन टोकांपैकी गेट आणि सोर्स जोडून ड्रेन-सोर्समधला रोध मोजला, तेव्हा जिथे काहीशे ओहम दिसायला हवेत तिथे मीटर काहीच दाखवत नव्हते. उरलेल्यांची जोडी लावण्यासाठी मी सोपी युक्ती केली: ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक ड्रेनला, ऋण टोक गेटला, आणि सोर्स व ऋण टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर. त्यावर एफईटी मिटण्याचा दाब जवळजवळ थेट वाचता येतो. एफईटी चिमटीत धरला की हा आकडा सरकत जाई आणि बोटे काढून काही वेळ थांबले की पूर्ववत होई. त्या वेळी मला त्याचा नुसता वैताग आला. मे महिन्यातल्या बिघाडाचे उत्तर तिथेच दिसत होते, पण मी ते पाहिले नाही.

मधल्या काळात वीजपुरवठ्याच्या भागाने दोनदा छळले. पहिल्यांदा फ्यूज उडाला, कारण ७८१५ या अधिक १५ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरची धातूची पाठ जमिनीला जोडलेली असते आणि ७९१५ या उणे १५ च्या रेग्युलेटरची मात्र इनपुटला, हे विसरून मी दोघांनाही अभ्रकाच्या चकतीशिवाय एकाच पत्र्यावर आवळले होते. दुसरा बिघाड रात्रीचा होता: संत्र्याच्या बगिच्यांचे पंप सुरू झाले की स्पीकरमधून घरघर येई आणि पंप बंद झाले की ती आपोआप थांबे. मुद्रित केलेली घरघर संगणकावर उलगडून पाहिली, तर तिचे टोक १०० हर्ट्झला होते. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र वायरमध्ये शिरत असते तर ५० हर्ट्झ दिसले असते. १०० म्हणजे रेक्टिफायरने एसीची डीसी केल्यानंतर उरलेली लहर, रिपल. पंपांच्या वेळी घरातली लाइन १७० व्होल्टपर्यंत पडते. तेव्हा १५-०-१५ च्या ट्रान्सफॉर्मरमधून कपॅसिटरवर जेमतेम १५ व्होल्ट उरतात, आणि ७८१५ ला नीट काम करण्यासाठी सुमारे १७ लागतात. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर घरघर गेली. स्टॅबिलायझरनेही काम झाले असते, पण त्याच्या रिलेची कटकट माइकमध्ये येते.

काटा सरकल्यावर म्हणूनच माझा पहिला संशय वीजपुरवठ्यावर गेला, पण दोन्ही रेग्युलेटर १५ व्होल्ट चोख देत होते. रिलीजचा कपॅसिटर गळत असेल म्हणून तो बदलला, प्रीसेट बदलला, सगळे सोल्डरिंग पुन्हा केले. शेवटी एका पहाटे पाच वाजता सहज यंत्र लावले तर काटा शून्याच्या बराच जवळ होता, आणि टिनाखालची खोली जसजशी तापत गेली तसतसा तो खाली उतरत गेला. चिमटीत धरलेल्या एफईटीची आठवण मला तेव्हा झाली. कॅलिब्रेशन मी डिसेंबरच्या रात्री १३ अंशांत केले होते. मुद्रणाच्या वेळी कूलर बंदच ठेवावा लागत असल्याने मे महिन्यात तीच खोली ४१ अंशांवर होती, आणि डब्यातले तापमान त्याहून ८ अंश जास्त. एफईटी मिटवण्यासाठी लागणारा ऋण दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने वाढतो, कारण गेटच्या जोडाचा स्वतःचा दाब उष्णतेने उतरतो. आकडा क्षुल्लक वाटेल, पण आपण एफईटीला मुद्दाम उघडण्याच्या अगदी उंबरठ्यावर बसवलेले असते, आणि तिथे काही मिलिव्होल्टनेही त्याचा रोध झपाट्याने खाली येतो.

दोन्ही एफईटी मी ट्रान्सफॉर्मरपासून दूर नेले आणि त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना लावून तांब्याच्या पट्टीने बांधले, म्हणजे निदान दोघे एकाच तापमानाला राहतील आणि काटा खोटे बोलणार नाही. मग बायसच्या वाटेत, एफईटीशेजारीच, १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकला. त्याचा अ‍ॅनोड (धन टोक) गेटच्या बाजूला, आणि तो सतत वाहता राहावा म्हणून तिथून अधिक १५ व्होल्टकडे १ मेगाओहमचा रोध. सिलिकॉन डायोडवरचा दाबही दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो, त्यामुळे डबा तापला की गेट आपोआप तेवढे अधिक ऋण होते. डायोड पहिल्यांदा मी उलटा लावला होता आणि काटा पार तळाला गेला होता, हेही सांगून टाकतो.

आता पहाट आणि भरदुपार यांच्यात काटा १ डेसिबलपेक्षा कमी सरकतो. बायसचा प्रीसेट बहुफेरी जातीचा आहे आणि त्याच्यासमोर डब्याला छिद्र पाडले आहे, म्हणजे झाकण न उघडता पेचकस आत जातो. मंडळी यायच्या अर्धा तास आधी मी यंत्र चालू करतो, कूलर बंद करतो, आणि पहिला सूर लागण्यापूर्वी आउटपुट १.०९४ व्होल्ट आहे का ते पाहतो. १५ डेसिबलच्या वर मीटर अजूनही प्रत्यक्षापेक्षा थोडे कमी दाखवते, पण खंजिरीला मी तेवढे दाबतच नाही, त्यामुळे ते तसेच ठेवले आहे. पेटीवाले काका मात्र आता खोलीत आले की आधी काट्याकडे पाहतात आणि मगच भाता उघडतात.