तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना मिक्सर कशाला खोलायला लावता?

पालक भेटले की हा प्रश्न येतोच. "मॅडम, मुलगी मेकॅनिकलला आहे आणि तुम्ही तिला मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात का बसवता?" विषयाचं नाव शाश्वत उत्पादन विकास, त्यामुळे घरी सौरचुलीची वाट बघत असतात.

मुलांचंही तसंच. पहिल्या आठवड्यात त्यांच्या वहीत बांबू, ताग, मक्यापासूनचं प्लास्टिक अशी नावं येतात. वस्तू कशाची केली एवढ्यावरच सगळं ठरतं, हा समज फार घट्ट असतो. मी कित्येक वर्षं फळ्यावर समजावलं; तो जात नाही.

म्हणून आता चौघांचा गट, एक बंद पडलेला मिक्सर आणि अख्खं सेमिस्टर. आधी तो का बंद पडला ते शोधायचं. बऱ्याचदा मोटर धडधाकट निघते. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात, नाहीतर मोटर आणि भांडं जोडणारा कपलर फुटलेला. कपलर मुद्दामच कच्चा ठेवतात, भांडं अडकलं तर तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. इतका चांगला विचार एका ठिकाणी, आणि तळाचं झाकण मात्र प्लास्टिकच्या खटक्यांवर बसवलेलं, उघडायला गेलं की खटकाच मोडतो. मग मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीसकट, म्हणजे वाइंडिंगसकट, सगळं भंगारात. तो खटका एकदा स्वतःच्या हातून मोडला की मुलं स्क्रूबद्दल आपणहून बोलायला लागतात.

मग हिशेब. ७५० वॅटचा मिक्सर पूर्ण भारावर रोज दहा मिनिटं चालला तरी वर्षाला साधारण ४६ युनिट. मोटर सुधारून यातलं कितीसं वाचणार? पण तोच मिक्सर पाचऐवजी पंधरा वर्षं चालला, तर दोन मिक्सर बनवावेच लागत नाहीत.

एका वर्षी एका गटानं छताचा जुना पंखा घेतला. दुरुस्तीवर माझा जीव, मी लगेच म्हटलं, रिवाइंडिंग करून घ्या. आठवड्यानं त्यातली एक मुलगी तक्ता घेऊन आली. ७५ वॅटचा पंखा पूर्ण वेगानं रोज बारा तास, वर्षाला ३२८ युनिट. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा, १३१. "मॅडम, हा जपला तर दर वर्षी जवळजवळ दोनशे युनिट जास्त जळतील." तिचं बरोबर होतं. जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, ते विजेच्या याच हिशेबापायी. मिक्सरला लागू पडलेलं उत्तर पंख्याला लागू पडलं नाही, आणि ते मला विद्यार्थिनीनं दाखवलं याचा मला आजही आनंद आहे. पुढे त्या गटानं त्याहून अवघड प्रश्न धरला: नव्या पंख्यातलं सर्किट जळलं तर अख्खा पंखा टाकायचा का? उरलेलं सेमिस्टर त्यातच गेलं.

राहिलं दुकान. कुठला भाग आधी जातो, कुठला सुटा मिळत नाही, गिऱ्हाईक किती खर्चाला "राहू द्या" म्हणतं, हे दुरुस्ती करणाऱ्याला माहीत असतं. आमच्या पाठ्यपुस्तकात ते नाही. मुलं तिथे दोन शनिवार बसतात, नोंदी घेतात, आणि मगच नवीन रचना करायला घेतात.

शेवटच्या व्हायवाला मी त्या दुकानातल्या काकांनाच बोलावते. ते एकच स्क्रूड्रायव्हर घेऊन येतात. यंदा एका गटानं खटके काढून चार स्क्रू दिले होते, फार देखणं काम. काकांनी एक स्क्रू तळहातावर घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हा हरवला तर बाजारात कुठे मिळेल?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हार्डवेअरच्या दुकानात होते.