गुडघ्यातली अक्कल

माझी अक्कल गुडघ्यात आहे, असं घरचे लोक फार वर्षांपासून म्हणत आले आहेत. मी ते कधी मनावर घेतलं नाही. पण डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली, पेनाच्या टोकाने एक करडा पट्टा दाखवला आणि ‘इथे वाटीमागची कूर्चा झिजलीय’ असं सांगितलं, तेव्हा वाटलं, लोक खरंच बोलत होते की काय. गुडघा डावा होता. गाडी चालवून जे काही शहाणपण मी कमावलं होतं, ते सगळं त्याच्यातच साठलेलं.

‘गाडी चालवता?’ डॉक्टरांनी विचारलं.

चालवतो म्हणजे काय! मी खुर्चीत पुढे सरकलो. दोन दारं, सहा गिअर, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसलेली... पण त्यांना यातलं काही नको होतं.

‘क्लचची की ऑटोमॅटिक?’

‘क्लचची.’

‘मग सोडा आता.’

‘गाडी?’

‘क्लच. जरा उंच, ऑटोमॅटिक गाडी घ्या. बसायला-उतरायलाही बरं पडेल.’

यातला ‘उंच’ हा शब्द मला ऐकू आला नाही. बायकोला आला.

तसा गुडघा काही एका दिवसात जात नाही. आधी तो जिना उतरताना कुरकुरला, मग बसून उठताना, आणि मग गर्दीच्या रस्त्यावर, जिथे गाडी चार हात पुढे जाते आणि थांबते, परत चार हात जाते आणि थांबते. एका संध्याकाळी मी मोजायला घेतलं, घरी पोचेपर्यंत क्लच किती वेळा दाबावा लागतो. शंभरावर सोडून दिलं, कारण अजून निम्मा रस्ता बाकी होता.

क्लच ही तशी साधी वस्तू. इंजिनाबरोबर फिरणारं एक जड चाक, त्याच्यासमोर घर्षणाची एक तबकडी, आणि दोघांना एकमेकांवर घट्ट दाबून धरणारी स्प्रिंग. पेडल दाबलं की स्प्रिंगचा दाब सुटतो, तबकडी मोकळी होते आणि इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तेवढ्यापुरता तुटतो. आता इंजिनात जोर जास्त असेल, तर तबकडी घसरू नये म्हणून दाबही जास्त लागतो. तबकडी मोठी करता येते, एकाऐवजी दोन बसवता येतात, पेडलला हायड्रॉलिकची मदत देता येते. पण स्प्रिंग शेवटी कोणाला तरी दाबावीच लागते. ज्या इंजिनाच्या ताकदीच्या गप्पा मी चारचौघांत मारायचो, तिचं भाडं डावा गुडघा भरत होता. त्यात स्पोर्ट्स कारची बैठक अशी, की पाय जवळजवळ आडवे पुढे पसरलेले. वाकलेला गुडघा जोर लावून सरळ करायचा, तोही सारखा सारखा. वाटीमागच्या कूर्चेला नेमकं हेच सोसत नाही.

चौदा वर्षांत त्या गाडीची क्लचप्लेट मी दोनदा बदलली. झिजली, बदलली, पुढे चला. गुडघ्याच्या बाबतीत मात्र ‘बघू’ म्हणत राहिलो.

पण क्लच नुसता दाबायचा असता, तर मला एवढं दुःख झालं नसतं. खरी कला तो सोडण्यात आहे. पेडल वर येता येता एका जागी तबकडी चाकाला पकडते. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, इंजिनाचा आवाज अर्धा सूर खाली येतो आणि तळव्याला एक बारीक थरथर लागते. ती जागा केसभर रुंदीची. तिच्या अलीकडे काहीच घडत नाही आणि तिच्या पलीकडे गाडी आचका देऊन बंद पडते. चढावर, मागच्या गाडीचं नाक आपल्या डिकीला टेकलेलं असताना, हँडब्रेक न ओढता त्या केसभर जागेवर गाडी तोलून धरता येणं, हा माझा सर्वोच्च अभिमानाचा विषय होता. (क्लचप्लेट याच सवयीने जळते, असं मेकॅनिकने दोन्ही वेळा बजावलं होतं. अभिमानाची किंमत थोडी असतेच.)

दुसरी कला उजव्या पायाची. वळणाआधी वेग कमी करताना पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबलेला ठेवायचा, त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची आणि त्या क्षणात डावा पाय आणि हात मिळून गिअर खाली आणणार. इंजिनाची आणि चाकांची गती जुळली, की गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसतो. शेजारी बसणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, आणि कळू नये हीच तर त्यातली परीक्षा. बायको इतकंच विचारायची, ‘ही मध्येच गुरगुरते का रे?’

गाडी विकायला काढली, तेव्हा ती बघायला एक पंचविशीतला मुलगा आला. ‘काका, एक चक्कर मारू?’ म्हणाला. काका! त्या दिवसापर्यंत त्या गाडीत मला कोणी काका म्हटलं नव्हतं. मी शेजारी बसलो. त्याने पहिला टाकला, क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद.

‘क्लच जरा वर पकडतो का हो, काका?’

‘हो. म्हणजे असं बघ, तो वर येतो ना, मग एक... तिथे जरा थांबायचं.’

‘तिथे म्हणजे कुठे?’

मला सांगता येईना. चौदा वर्षं रोज ज्या जागेवर मी जाऊन येत होतो, तिचा पत्ता मला तोंडी देता येईना. माझा डावा पाय मात्र शेजारच्या सीटपुढच्या रिकाम्या मॅटवर अचूक तिथपर्यंत आला आणि थांबला. गाडी परत बंद पडली. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. तिसऱ्या वेळी त्याने रस्त्यावरची नजर काढून जरा वेळ नुसतं ऐकलं, आणि गाडी मऊ, पाण्यावरून होडी निघावी तशी निघाली. मला तिथवर यायला दोन महिने लागले होते. परत येताना तो गाणं गुणगुणत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

ऑटोमॅटिकविषयी माझं मत आधीपासून वाईट. ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार म्हणजे डोंगर दुसऱ्याने चढायचा आणि शिखरावर फोटो आपण काढून घ्यायचा, असं मी कुठेतरी ठणकावून बोललोही होतो. पण हार मानायची वेळ आली की मी वाचायला बसतो. इतिहासात कुठे ना कुठे सन्माननीय तहाची कलमं सापडतात.

पहिलं कलम १९८९ सालातलं. त्या मोसमात फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये अशी गाडी उतरवली, की गिअर बदलायला दांडा नाही, स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या. चाचण्यांमध्ये ती सारखी बिघडत होती. मोसमातली ब्राझीलची पहिलीच शर्यत मात्र नायजेल मॅन्सेलने त्याच गाडीने जिंकली, आणि काही वर्षांत तिथला गिअरचा दांडा इतिहासजमा झाला. आता तिथले चालक शर्यत सुरू होताना क्लच वापरतात, तोही हाताने. जगातल्या सर्वांत वेगवान माणसांचे डावे पाय क्लचच्या नोकरीवरून केव्हाच कमी झालेत, आणि मी माझ्या एका पायासाठी सुतक पाळत होतो.

दुसरं कलम जास्त गोड. हल्लीच्या स्पोर्ट्स कारमध्ये जो ‘ड्युअल क्लच’ असतो, त्यात एक क्लच एक-तीन-पाच हे विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम. तुम्ही तिसऱ्यात असता, तेव्हा चौथा आधीच जुळवून तयार असतो. बदलायची वेळ आली की पहिला क्लच सोडतो, त्याच क्षणी दुसरा धरतो, आणि मध्ये ओढ तुटत नाही. पोर्शेने १९८०च्या दशकात हा प्रकार शर्यतीच्या गाड्यांवर घासूनपुसून घेतला आणि २००८ मध्ये ‘९११’ या आपल्या स्पोर्ट्स कारमध्ये आणला. कोणत्याही माणसाच्या हातापायाने हे इतक्या झटक्यात जमणार नाही. तरी मला समाधान एवढंच, की माझ्या एका पायाच्या जागी त्यांना दोघांना कामावर ठेवावं लागलं.

त्याच पोर्शेने १९६७ मध्ये ‘स्पोर्टोमॅटिक’ नावाचा मधला मार्ग काढला होता. क्लचचं पेडल नाही, पण गिअरचा दांडा आहे. दांड्यावर हात पडला की आतला स्विच दबून क्लच आपोआप सुटायचा. म्हणजे सवयीने हात दांड्यावर विसावला, तर गाडीचा जोरच नाहीसा. माझा हात सदैव दांड्याच्या मुठीवर. मी त्या गाडीतून पहिला चौकही ओलांडला नसता.

विरुद्ध बाजूचेही पुरावे होते. २०१३ मध्ये पोर्शेच्या ९११ची ‘जीटी३’ ही आवृत्ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये आली, तेव्हा चाहते इतके रुसले की २०१७ मध्ये मॅन्युअल परत द्यावी लागली. हळू असून लोकांना ती हवी होती, आणि त्यांचं मला मनापासून पटतं. पण मग एके रात्री सिंक्रोमेशविषयी वाचलं आणि माझी पंचाईत झाली. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ते आणलं. त्याआधी गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाची गती अंदाजाने जुळवावी लागे. चुकलं की दात खरवडल्याचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचा. सिंक्रोमेशने ती जुळवाजुळव स्वतःकडे घेतली. म्हणजे मी ‘स्वतःच्या हाताने’ टाकलेल्या प्रत्येक गिअरला आतून कोणीतरी हात देत होतं, आणि मी वर टिचक्या मारून कलाकार म्हणून मिरवत होतो. शुद्धतेची रेघ मी नेमकी तिथेच ओढली होती, जिथे मी शिकलो.

अलेस्सांद्रो झानार्दी या इटालियन शर्यतपटूची गोष्टही वाचली. २००१च्या अपघातात दोन्ही पाय गेले, आणि २००५ मध्ये त्याने खास फेरबदल केलेल्या गाडीतून टूरिंग कारच्या जागतिक मालिकेतली शर्यत जिंकली. त्यानंतर गुडघ्याविषयी तक्रार करायला तोंड उरलं नाही.

नवी गाडी ऑटोमॅटिक आहे. आणि तशीच जमिनीला चिकटलेली आहे. ‘डॉक्टर उंच म्हणाले होते,’ बायको म्हणाली. मी म्हणालो, ‘हिची सीट उंच होते.’ झाली. दोन बोटं.

पहिल्याच दिवशी चौकाजवळ वेग कमी झाला आणि चौदा वर्षांच्या इमानी नोकराने आपलं काम केलं. डाव्या पायाने सवयीच्या पूर्ण जोराने क्लच दाबला. पण तिथे क्लच नव्हता. ऑटोमॅटिकमधलं ब्रेकचं रुंद पेडल होतं. गाडी जागच्या जागी खिळली, पट्टे छातीत रुतले, बायकोची पर्स डॅशबोर्डवर आपटून तिच्यातलं सगळं पायाशी सांडलं. मागच्याने हॉर्नवरचा हात बराच वेळ काढला नाही. लिपस्टिक अजून सीटखाली कुठेतरी आहे.

त्यावर उपाय एकच: डावा पाय उचलायचाच नाही. त्याच्यासाठी डाव्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी असते, टेकायला. तिला ‘डेड पेडल’ म्हणतात, हे मला नव्याने कळलं. जुन्या गाडीतही ती होती, पण तिथे पाय एकदा क्लच दाबून झाला की पुढच्या वेळेपर्यंत श्वास घ्यायला टेकायचा. आता तिथेच त्याचा कायमचा मुक्काम.

पहिला महिना मी स्टिअरिंगमागच्या पट्ट्या सोडल्या नाहीत. टक, खाली, टक, वर. काम चोख, आवाज देखणा, आणि वळणाआधीची ती टिचकी गाडी स्वतःच देते, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने. एकदा मुद्दाम फार खालचा गिअर मागून बघितला. तिने दिला नाही. पडद्यावर एक बारीकशी खूण चमकली आणि गाडी आपल्या गिअरमध्ये शांत राहिली. जुनीने दिला असता, आणि वर इंजिनाचा सत्यानाश करून घेतला असता. या समजूतदार गाडीत माझ्या हातून चूक होऊ शकत नाही, याची मला अजून सवय व्हायचीय. वळण सुरेख निघालं, की शाबासकी कोणाला द्यायची ते कळत नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली. पुढे कुठेतरी रस्ता बंद होता, गाड्यांची रांग हलेना. चार हात पुढे, थांब. पट्ट्यांना मी हातही लावला नाही. गाडी ‘डी’मध्ये, पाय ब्रेकवर, जरा उचलला की ती आपली आपण सरपटते, टेकवला की थांबते. दोन तासांनी घरी पोचलो, जिना चढलो आणि दुसऱ्या मजल्यावर आल्यावर लक्षात आलं, की आपला हात कठड्यावर नाही. तिथेच थांबलो. दोन पायऱ्या उतरून बघितल्या. कुरकुर होती, पण हळू आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू न जाईल अशी.

हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, चांगलंय. उंच गाडीचं नाव तिने आता टाकलंय. फक्त मी गाडीतून उतरायला लागलो, की ती बाजूला हाताची घडी घालून उभी राहते. आधी उजवा पाय बाहेर, मग दाराची चौकट धरून एक हिसका, परत खाली. दुसरा हिसका, परत खाली. मग ‘आई गं’ आणि मी उभा.

‘तीन,’ ती म्हणते. ‘काल दोनच होते.’